प्रोसेसर केव्हा बदलावा? : ग्राहकाचा निर्णय आणि चिप-उत्पादकांचे भवितव्य

गिरणीतील चाती, विहिरीवरील पंप किंवा मोटारीचे इंजिन ही साधने वापराबरोबर झिजतात आणि ती केव्हा बदलावीत याची सूचना बहुधा त्यांच्या झिजेतूनच मिळते. संगणकाचा प्रोसेसर मात्र या वर्गात बसत नाही. त्यात हलणारा भाग नसतो. पुरेसा थंड ठेवला तर दहा-बारा वर्षांनंतरही तो आपले काम जवळजवळ पूर्वीच्याच गतीने करीत राहतो. असे असूनही जगभर दरवर्षी कोट्यवधी प्रोसेसर चालू स्थितीत असताना बाजूला काढले जातात. ते निरुपयोगी झालेले नसतात, त्यांच्यापेक्षा सरस असे दुसरे काही उपलब्ध झालेले असते एवढेच. म्हणून प्रोसेसर बदलण्याचा निर्णय हा तुलनेचा निर्णय होय.

हाच प्रश्न उत्पादकाच्या बाजूने पाहिला तर त्याचे स्वरूप निराळे दिसते. ज्यांस संगणक हवा होता अशा बहुसंख्य कार्यालयांत, शाळांत व घरांत तो पूर्वीच पोहोचला असल्यास पुढील विक्री प्रामुख्याने जुन्याच्या जागी नवा घेणाऱ्यांवर अवलंबून राहते. आपल्याच कारखान्यातून सात वर्षांपूर्वी बाहेर पडलेला प्रोसेसर अद्याप चांगले काम देत आहे, ही उत्पादकाच्या दृष्टीने मोठी अडचण ठरते. ग्राहक केव्हा खरेदी करील आणि उत्पादकाचा धंदा कसा चालेल हे दोन स्वतंत्र प्रश्न नसून एकाच प्रश्नाची ती दोन अंगे आहेत. या दोहोंचा परस्परसंबंध स्पष्ट करणे हा येथे उद्देश आहे.

प्रगतीचा वेग आणि खरेदीची वेळ

गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये असे निरीक्षण मांडले की, एका चिपवर बसविता येणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत आहे. १९७५ मध्ये त्यांनी हा अवधी दोन वर्षांचा केला. इंटेलच्या १९७१ सालच्या ४००४ या प्रोसेसरमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. आजच्या मोठ्या चिपांत ही संख्या हजारो कोटींत मोजावी लागते. परंतु ग्राहकास ट्रान्झिस्टरांच्या संख्येशी कर्तव्य नसते. त्यास हवी असते गती. संख्येचे रूपांतर गतीत कसे होत होते याचा खुलासा रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या आय.बी.एम.मधील सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये केला. ट्रान्झिस्टर लहान करताना त्याच्या प्रमाणात विद्युत्‌दाबही कमी केला, तर तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर अधिक वेगाने चालवूनही निर्माण होणारी उष्णता वाढत नाही, असे त्यांनी दाखविले. याचा अर्थ असा की, आकार घटविला म्हणजे गती जणू फुकटच मिळत होती.

या काळातील वाढ आकड्यांवरून सहज ध्यानात येते. प्रोसेसरचे काम ठराविक ठोक्यांवर चालते आणि एका सेकंदात किती ठोके पडतात हे मेगाहर्ट्‌झमध्ये सांगितले जाते. १९८१ च्या आय.बी.एम. वैयक्तिक संगणकातील प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्‌झवर चाले. १९९३ मधील पहिले पेंटियम ६० व ६६ मेगाहर्ट्‌झचे होते. मार्च २००० मध्ये ए.एम.डी. व इंटेल या दोन्ही कंपन्यांनी अवघ्या काही दिवसांच्या अंतराने १,००० मेगाहर्ट्‌झचा टप्पा गाठला. म्हणजे केवळ सात वर्षांत ठोक्यांची गती पंधरापटींहून अधिक वाढली.

अशा वेगवान प्रगतीच्या काळात ग्राहकापुढे एक चमत्कारिक पेच उभा राहतो. आज घेतलेले यंत्र लवकरच मागे पडते, म्हणून वारंवार बदलावे लागते. आणि थांबले तर त्याच पैशांत अधिक चांगले मिळते, म्हणून आज घेऊच नये असेही वाटते. ऍरिझोना विद्यापीठातील काही खगोलशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये हा पेच अर्धवट विनोदाने, परंतु अचूक गणिताने सोडविला. संगणकांची शक्ती दर अठरा महिन्यांस दुप्पट होते असे धरल्यास, जे गणन पूर्ण होण्यास सुमारे २६ महिन्यांहून अधिक काळ लागणार आहे ते लगेच सुरू न करता काही काळ थांबून नव्या यंत्रावर करणे फायद्याचे ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. याचा पडताळा कोणासही पाहता येईल. ४८ महिन्यांचे काम अठरा महिने थांबून दुप्पट शक्तीच्या यंत्रावर केले तर ते २४ महिन्यांत होते आणि एकूण ४२ महिनेच लागतात. उलट २० महिन्यांच्या कामासाठी अठरा महिने थांबल्यास एकूण २८ महिने लागून आठ महिन्यांचे नुकसान होते.

या गणितातील मर्म दुपटीच्या अवधीत आहे. दुपटीस अठरा महिन्यांऐवजी सहा वर्षे लागतात असे मानले, तर २६ महिन्यांची मर्यादा साडेआठ वर्षांच्या पुढे जाते. प्रगती मंदावली म्हणजे थांबण्यात लाभ उरत नाही, त्याचप्रमाणे घाईने बदलण्यातही लाभ उरत नाही. खरेदीची वेळ उत्पादकाच्या वेळापत्रकाने ठरावयाची ती ग्राहकाच्या गरजेने ठरू लागते. प्रत्यक्षात जे घडले ते याच दिशेने घडले.

२००४ नंतरचा पालट

इंटेलचा पेंटियम ४ हा प्रोसेसर २००२ मध्ये ३ गिगाहर्ट्‌झच्या पुढे गेला आणि २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्‌झवर पोहोचला. ४ गिगाहर्ट्‌झचा घोषित प्रोसेसर मात्र त्याच वर्षी रद्द करण्यात आला. ट्रान्झिस्टर फारच लहान झाल्यावर तो बंद असतानाही त्यातून वीज झिरपू लागते आणि विद्युत्‌दाब आणखी उतरविता येत नाही. परिणामी डेनार्ड यांचा नियम लागू पडेनासा होतो. ३.८ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४ सुमारे ११५ वॅट उष्णतेच्या हिशेबाने बांधावा लागला होता. त्यानंतर दोन्ही कंपन्यांनी मार्ग बदलला. २००५ मध्ये एकाच चिपवर दोन कोअर असलेले प्रोसेसर आले आणि २००६ मधील कोअर २ ड्युओ कमी ठोक्यांवर व सुमारे ६५ वॅटमध्ये पेंटियम ४ पेक्षा अधिक काम करू लागला. ठोक्यांच्या गतीचा इतिहास पुढे किती मंद झाला हे एवढ्यावरूनच कळेल की, बाजारात जसा मिळतो तसाच ६ गिगाहर्ट्‌झपर्यंत जाणारा इंटेलचा प्रोसेसर येण्यास जानेवारी २०२३ उजाडावे लागले. ३ वरून ६ होण्यास वीस वर्षे लागली.

दर ठोक्यामागे होणारे काम या काळात वाढले हे खरे, आणि कोअरांची संख्याही वाढली. परंतु कोअर वाढविल्याने मिळणारा लाभ कामाच्या स्वरूपावर अवलंबून असतो. जीन अम्‌डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला विचार येथे लागू पडतो : कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तो एकूण वेगावर मर्यादा घालतो. अर्धे काम वाटून देण्याजोगे नसेल तर कोअर कितीही वाढविले तरी वेग दुपटीपलीकडे जात नाही. यामुळेच २०११ च्या आरंभी घेतलेले चार कोअरांचे प्रोसेसर सामान्य ग्राहकांनी बिनतक्रार कित्येक वर्षे वापरले.

निर्णयाचा हिशेब

जुने साधन ठेवण्याचा वार्षिक खर्च नव्या साधनाच्या वार्षिक खर्चापेक्षा अधिक झाला म्हणजे ते बदलावे, हा अर्थशास्त्रातील सर्वसाधारण नियम आहे. नियम सोपा असला तरी तो लावताना एक चूक नेहमी होते. ती एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल.

एका महाविद्यालयाच्या कार्यालयात आठ वर्षांचा जुना संगणक आहे असे समजू. त्यावर काम करणाऱ्या लेखनिकास दिवसाकाठी २० मिनिटे नुसती वाट पाहण्यात घालवावी लागतात. वर्षाचे २५० दिवस धरल्यास हा काळ सुमारे ८३ तासांचा होतो व तासाला १५० रुपये या दराने त्याचे मूल्य १२,५०० रुपये भरते. नवा संगणक ४०,००० रुपयांचा असून तो पाच वर्षे चालेल असे मानले, तर व्याज व मोडीची किंमत सोडून देता त्याचा घसारा वर्षास ८,००० रुपये पडतो. वरवर पाहता बदल करणे उघडच फायद्याचे दिसते.

परंतु ही वाट कशाची पाहिली जाते याचा शोध घेतला पाहिजे. तीपैकी ६० टक्के वेळ जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे, ३० टक्के प्रोसेसरमुळे व उरलेला अन्य कारणांनी जातो असे समजू. नव्या यंत्रातील प्रोसेसर दुप्पट वेगवान असेल तर त्याने वाचणारा वेळ एकूण वेळेच्या १५ टक्के, म्हणजे १,८७५ रुपयांचा. विजेची बचत ६० वॅट धरल्यास, दिवसास आठ तास व युनिटला ८ रुपये या हिशेबाने ती ९६० रुपये होते. नव्या यंत्रातील एस.एस.डी. जुन्या डिस्कच्या पाचपट वेगवान धरल्यास तिच्यामुळे ४८ टक्के वेळ, म्हणजे ६,००० रुपये वाचतात. एकूण बचत ८,८३५ रुपये. ती ८,००० पेक्षा अधिक असल्याने खरेदी योग्य आहे असे टिपण कार्यालयातून सहज वर जाईल.

चूक येथेच आहे. यातील ६,००० रुपयांची बचत जुन्याच संगणकात समजा ४,००० रुपयांची एस.एस.डी. बसवूनही साधते. तो स्वस्त उपाय योजल्यानंतर नव्या यंत्राने जी अधिक बचत होईल ती केवळ २,८३५ रुपयांची आहे आणि तिच्यासाठी वर्षास ८,००० रुपये मोजावे लागणार आहेत. नव्या यंत्राची तुलना जुन्या यंत्राच्या आजच्या स्थितीशी करून भागत नाही; अल्प खर्चात सुधारलेल्या जुन्या यंत्राशी ती केली पाहिजे.

याच संस्थेतील एखाद्या संशोधकाचे उत्तर मात्र वेगळे येईल. त्याच्या सांख्यिकी गणनास रोज दोन तास लागत असतील आणि त्यातील ९० टक्के भार प्रोसेसरवर असेल, तर दुप्पट वेगाच्या प्रोसेसरने वर्षास २२५ तास वाचतात. यंत्र चालू असताना तो दुसरे काम करू शकतो, म्हणून यांपैकी चतुर्थांशच तास खरोखर वाया जातात असे धरले व तासाचे मूल्य ३०० रुपये मानले, तरी बचत १६,८७५ रुपयांची होते. त्याने दुप्पट किमतीचे, म्हणजे वर्षास १६,००० रुपये घसाऱ्याचे यंत्र घेतले तरी ते परवडेल. तात्पर्य, यंत्राचे वय पाहून सर्व संगणक एकाच वेळी बदलण्याची जी पद्धत पुष्कळ संस्थांत रूढ आहे ती एका टेबलावर पैसा वाया घालविते आणि दुसऱ्या टेबलावर वेळ.

केवळ प्रोसेसर बदलावयाचा असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. तो ज्या सॉकेटमध्ये बसतो ते बदलले असल्यास मदरबोर्ड आणि पुष्कळदा रॅमही नवी घ्यावी लागते. ए.एम.डी.ने आपले ए.एम.४ हे सॉकेट २०१६-१७ पासून पुढे पाच-सहा वर्षे चालविले; त्यामुळे २०१७ च्या अनेक मदरबोर्डांवर पुढे २०२० व २०२२ चे प्रोसेसरही बसविता आले. इंटेलने बहुधा दोन-तीन पिढ्यांनंतर सॉकेट बदलले. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या, तेव्हा ज्यांची जुनी रॅम नव्या मदरबोर्डावर चालणार नव्हती त्यांचा सारा हिशेबच पालटला. प्रोसेसरची किंमत म्हणजे बदलाची किंमत नव्हे, हे यावरून दिसून येईल.

टिकाऊ वस्तूच्या उत्पादकापुढील अडचण

रोनाल्ड कोस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की, टिकाऊ वस्तूचा मक्तेदारसुद्धा पूर्णतः निरंकुश नसतो. आज चढ्या भावाने विकल्यावर उरलेल्या ग्राहकांस उद्या कमी भावाने विकण्याचा मोह त्यास होणार, हे ओळखून ग्राहक थांबून राहतात. प्रोसेसरच्या बाबतीत यात दुसरी भर पडते : उद्याचा माल केवळ स्वस्तच नव्हे, अधिक चांगलाही असतो. शिवाय काल विकलेला माल ग्राहकाच्या घरी काम देतच असतो. अशा स्थितीत मागणी निर्माण करण्याचे तीनच मार्ग उत्पादकास मोकळे राहतात.

पहिला मार्ग स्पर्धेने लादलेल्या खऱ्या सुधारणेचा. २००७ पासून २०१७ पर्यंत सामान्य ग्राहकांसाठीच्या इंटेलच्या प्रोसेसरांत कोअरांची संख्या चारवरच थांबली होती. मार्च २०१७ मध्ये ए.एम.डी.ने रायझेन मालिकेत आठ कोअर देऊ केले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात इंटेलचा सहा कोअरांचा प्रोसेसर या वर्गात आला. प्रतिस्पर्धी दुर्बळ असताना जी सुधारणा कित्येक वर्षे झाली नाही ती काही महिन्यांत झाली. २०१५ मध्ये ज्या ए.एम.डी.चा समभाग दोन डॉलरांखाली गेला होता, तिचे बाजारमूल्य २०२२ मध्ये इंटेलच्या पुढे गेले.

दुसरा मार्ग सॉफ्टवेअरच्या अटींचा. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये आणलेली विंडोज ११ ही प्रणाली, काही अपवाद वगळता, सुमारे २०१७ पूर्वीच्या प्रोसेसरांसाठी मान्य केली नाही आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविला. चालू स्थितीतील असंख्य संगणक एका दिनांकाने कालबाह्य ठरले. यामागे सुरक्षेचे कारण अगदीच नव्हते असे नाही. जानेवारी २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या मेल्टडाउन व स्पेक्टर या दोषांनी प्रोसेसरच्या रचनेतही धोका असू शकतो हे दाखविले होते. तथापि अशा वेळी बदलाचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न उरतोच. ज्यांची कामे लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीवर होऊ शकतात त्यांस हा खर्च टाळता येतो. ज्यांचे लेखा किंवा परीक्षाविषयक सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालते त्यांस तो टाळता येत नाही.

तिसरा मार्ग नव्या उपयोगाचा. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामांसाठी वेगळा विभाग असलेल्या प्रोसेसरांवर आधारित संगणकांचा नवा वर्ग घोषित केला. असा उपयोग ग्राहकाच्या रोजच्या कामात खरोखर येतो काय, यावरच या मार्गाचे यश अवलंबून आहे.

बाजाराची साक्ष

बदलाचा अवधी लांबल्याचा परिणाम विक्रीच्या आकड्यांत दिसतो. मोजणी करणाऱ्या संस्थांचे आकडे तंतोतंत जुळत नसले तरी त्यांचा रोख एकच आहे. जगातील वैयक्तिक संगणकांची वार्षिक विक्री २०११ मध्ये ३५ कोटींहून अधिक होती. पुढे ती घसरत गेली. महामारीच्या काळात २०२१ मध्ये पुन्हा ३४ ते ३५ कोटींवर गेली आणि २०२३ मध्ये २४ ते २६ कोटींपर्यंत खाली आली. महामारीत झालेली विक्री ही बव्हंशी भविष्यातील खरेदीची उचल होती. ज्यांनी २०२१ मध्ये संगणक घेतला त्यांस २०२३ मध्ये नवा घेण्याचे प्रयोजन नव्हते.

हिशेबात अत्यंत दक्ष अशा मोठ्या कंपन्यांनीही हेच केले. गूगलची पालक कंपनी अल्फाबेट हिने २०२३ मध्ये आपल्या सर्व्हरांचे आयुष्य हिशेबासाठी चार वर्षांऐवजी सहा वर्षे धरले. ऍमेझॉनने २०२४ मध्ये ते पाचावरून सहा वर्षे केले. परंतु कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातील वेगवान बदलांमुळे २०२५ मध्ये त्यांपैकी काही सर्व्हरांसाठी पुन्हा पाच वर्षांवर आणले. जेथे प्रगती मंद तेथे आयुष्य वाढते आणि जेथे ती वेगवान तेथे घटते, या नियमाचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. खुद्द इंटेलनेही २०२३ पासून आपल्या कारखान्यांतील काही यंत्रसामग्रीचे आयुष्य पाचऐवजी आठ वर्षे धरण्यास आरंभ केला.

उत्पन्नाची वाटणीही याच नियमाने बदलली. इंटेलचे वार्षिक उत्पन्न २०२१ मध्ये सुमारे ७९ अब्ज डॉलर होते. २०२४ मध्ये ते सुमारे ५३ अब्जांवर आले व त्या वर्षी सुमारे १९ अब्ज डॉलरांचा तोटा झाला. या तोट्याचा काही भाग जुन्या उत्पादनसाधनांचे मूल्य कमी धरल्यामुळे होता. याच सुमारास कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या चिपा विकणाऱ्या एन्व्हिडियाचे उत्पन्न, जानेवारी २०२३ मध्ये संपलेल्या वर्षातील २७ अब्ज डॉलरांवरून जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात १३० अब्जांवर गेले. एन्व्हिडिया व ए.एम.डी. यांचे स्वतःचे चिपनिर्मितीचे कारखाने नाहीत; त्यांचे प्रमुख उत्पादन तैवानमधील टी.एस.एम.सी. करते. स्वतःचा कारखाना असलेल्या कंपनीस विक्री मंदावली तरी घसारा मोजावाच लागतो, ही इंटेलची अडचण या तुलनेतून कळून येते.

यावरून कोणत्याही चिप-उत्पादकाच्या भवितव्याचा अंदाज घेताना तीन प्रश्न विचारणे उपयुक्त ठरेल. त्याचा माल घेणारा ग्राहक नव्याने घेणारा आहे की जुन्याच्या जागी घेणारा? त्याच्या क्षेत्रातील सुधारणा इतकी वेगवान आहे काय की जुने यंत्र ठेवणे तोट्याचे व्हावे? आणि विक्री घटल्यास त्याचा किती खर्च घटेल? आज एन्व्हिडियास अनुकूल दिसणारी उत्तरे कायम राहतील असे मानण्याचे कारण नाही. वैयक्तिक संगणकांच्या बाबतीत २००० सालची उत्तरेही अशीच अनुकूल होती. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपांची प्रगती मंदावेल त्या दिवशी त्यांच्या खरेदीदारांपुढेही महाविद्यालयाच्या त्या लेखनिकाचाच हिशेब उभा राहील.

मर्यादित अनुदानावर चालणाऱ्या संस्थांस या विवेचनातून एक व्यावहारिक निष्कर्ष काढता येतो. बाजारात नवी पिढी आली आहे, हे जुना प्रोसेसर बदलण्याचे कारण होऊ शकत नाही. कामाला विलंब नेमका कोठे होतो याची मोजणी, स्वस्त सुधारणेने होणारा लाभ वजा करून उरलेली बचत, आणि सुरक्षेचा आधार संपण्याचा दिनांक या तीन गोष्टी एका कागदावर मांडल्या म्हणजे निर्णयास पुरेसा आधार मिळतो. ज्या टेबलावर हा हिशेब बदलाच्या बाजूने येतो तेथे खर्च करण्यास कचरू नये. जेथे तो येत नाही तेथे जुना प्रोसेसर निश्चिंतपणे चालू ठेवावा. त्याने वाचलेली रक्कम ग्रंथालयास किंवा प्रयोगशाळेस मिळते, आणि आणखी एक चालते यंत्र मोडीत जाण्याचे टळते.